सोमवारचा घास

आमच्या घरात रडायला बंदी नव्हती, पण रडायला जागाही नव्हती. अकोल्याच्या जुन्या शहरात दोन खोल्यांचं घर, आणि त्या दोन्ही खोल्यांत पहाटेपासून फुलं. ओल्या पोत्यांवर झेंडू पसरलेला, सुपांमध्ये शेवंती, न्हाणीच्या दाराशी बादलीत गुलाब. बाबा नदीकाठच्या मळ्यातून फुलं घेऊन आले की आई भिंतीला टेकून एक पाय लांब करायची, अंगठ्याला दोरा अडकवायची आणि हार ओवायला बसायची ते दुकान उघडेपर्यंत. घरात दुसरा आवाज नसायचा. फुलांचं देठ खुडल्याचा आवाज आणि मधूनच आईनं दातानं दोरा तोडल्याचा. चुलीवर चहा, आणि परातीत रात्रीच्या भाकरीचे फोडणीचे कुटके. लसूण आणि तिखटाचा तो ठसका झेंडूच्या वासात मिसळला की माझं डोकं भणभणायचं. बाकी कुणाला काही व्हायचं नाही. मला वाटायचं, सगळ्यांनाच असं होत असणार, फक्त ते बोलत नसणार.

दुकान म्हणजे गल्लीच्या तोंडाशी एक ओटा. लग्नाचा हार तिथेच आणि तिरडीवरचा हारही तिथेच. दोन्ही गिऱ्हाइकं कधीकधी एकाच वेळी उभी असत. एकाच्या डोक्यावर फेटा, दुसऱ्याचे डोळे सुजलेले. बाबांचा नियम होता, तो त्यांनी मला सातव्या-आठव्या वर्षी शिकवला, पाढे शिकवावे तसा. "गिऱ्हाइकासमोर तोंड सारखं ठेवाचं. त्याच्या सुखात हासाचं नाई, दुःखात रडाचं नाई. आपन कोन त्याच्यात? आपन हार द्याचा." आणि खरंच, माझ्या बाबांचं तोंड मी कधी बदललेलं पाहिलं नाही. स्वतःची आई गेली तेव्हाही त्यांनी तिचा हार स्वतः ओवला, गाठ मारली, दोरा तोडला. पाहणारे म्हणाले, माणूस दगडाचा आहे. मी तेव्हा लहान होते, मला ते खरं वाटलं.

मी मात्र अगदी उलटी निपजले. श्रावणात महादेवाला नदीचं पाणी घालायला कावडी निघायच्या, ढोल गल्लीत शिरायचे, भिंती थरथरायच्या, आणि मी झेंडूचं रिकामं पोतं डोक्यावरून ओढून माळ्याखाली बसायचे. भीती वाटायची असं नाही. भीती वाटली असती तर सांगता तरी आलं असतं. ढोल, गुलाल, उदबत्ती, ओरडणारी माणसं, उन्हात चमकणारी तांब्याची भांडी, सगळं एकाच वेळी आत शिरायचं आणि आत जागा पुरायची नाही, मग डोळ्यांतून पाणी यायचं. आत्या म्हणायची, पोट्टी कच्च्या मनाची आहे. शेजारीण म्हणायची, दृष्ट काढा. आई काहीच म्हणायची नाही, पोतं उचलून बघायची आणि परत टाकायची.

बारावीनंतर मला अमरावतीला चित्रकलेच्या महाविद्यालयात घातलं, त्यात बाबांचा हिशेब सरळ होता. ड्रॉइंग टीचर झाली की पोरगी शाळेत लागेल. आज मी अकोल्यातच एका शाळेत ड्रॉइंग टीचर आहे, म्हणजे बाबांचा हिशेब चुकला नाही. पण मधल्या काळात तो चुकायला फार थोडं उरलं होतं, आणि ते कसं, हेच मला इथे लिहायचं आहे. अजूनही त्यातलं निम्मं मला कळलेलं नाही, हे आधीच सांगून टाकते. कळल्याचा आव आणून लिहिणारे लोक मला आवडत नाहीत.

दुसऱ्या वर्षाला होते. पावसाळ्याचे दिवस, हॉस्टेलमध्ये कपडे वाळत नव्हते, मेसच्या पातळ वरणाला सगळ्या कंटाळलेल्या. गावंडे सर एके दिवशी वर्गात येऊन म्हणाले, "शनिवारपासून तीन दिवस एक कलावंत येणार आहेत, त्या परफॉर्मन्स आर्ट करतात. सगळ्यांनी पाहायचं, अनुभवायचं, आणि एक पान लिहून आणायचं. काय वाटलं, आणि का वाटलं." परफॉर्मन्स म्हटल्यावर आम्हाला वाटलं नाच असणार. माझी खोलीतली मैत्रीण वैशाली, दर्यापूरची, ती तर म्हणाली, "तबलेवाला बी येईन का वो सर?" सर हसले आणि उत्तर न देता गेले. सरांची ती सवयच होती, उत्तर येत नसलं की हसायचं.

शनिवारी हॉलमध्ये गेलो तर ना नाच, ना तबला. एक चाळिशीची बाई चटईवर मांडी घालून बसलेली. साधी निळी साडी, केस मागे बांधलेले. समोर एक पितळी पातेलं, त्यात वरण-भात. तिच्यासमोर दुसरी चटई रिकामी. भिंतीवर कागद चिकटवलेला, त्यावर लिहिलं होतं: बसा. घास घ्या, किंवा न घेता उठा. बस्स. समोर कुणी बसलं की ती हातानं भात कालवायची, घास करायची आणि त्या माणसाच्या तोंडापुढे धरायची. बोलायची नाही. हसायची नाही. घास घेतला की हात खाली, न घेता कुणी उठलं तरी हात खाली. सकाळी दहापासून दिवेलागणीपर्यंत हेच, आणि ती स्वतः दिवसभर काही खाणार नाही, पाणीही नाही, असं सरांनी सांगितलं. नाव रेवाताई. आमच्या वर्गातले पोट्टे बाहेर येऊन म्हणाले, "हे तर आमची माय बी करते. तिले कोनी हॉल देत नाई."

मीही हसले होते. हे लिहून ठेवते, कारण नंतर सगळ्यांना वाटलं की मी आधीपासूनच भारावलेली होते. अजिबात नाही. मला भूक लागली होती, आणि रांग छोटी होती, म्हणून मी बसले. रेवाताईंनी भात कालवला. त्यांची बोटं मी बघत होते, नखं आखूड कापलेली. त्यांनी घास वर केला आणि माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडलं. घास कोमट होता, मीठ जरा कमी होतं. आणि तो घास तोंडात असतानाच माझ्या आतून काहीतरी असं वर आलं, की मला थांबवताच आलं नाही. मी रडले. डोळे पुसण्याएवढं नाही. तोंड वासून, तोंडात भात तसाच, खांदे हलतायत, नाक वाहतंय, घशातून गुरं हंबरावीत तसा आवाज. रेवाताई तशाच बघत राहिल्या. मला उठवायला वैशालीला यावं लागलं, आणि तिच्या हातात मोबाइल होता, कारण सरांनी तिला नोंदीसाठी शूटिंग करायला सांगितलं होतं.

का रडले? त्या रात्री वहीत मी चार कारणं लिहिली आणि चारही खोडली. घरची आठवण आली, असं लिहिलं. खोटं, मला त्या क्षणी घर आठवलं नव्हतं. त्या उपाशी बाईची दया आली, असं लिहिलं. तेही खोटं, दया आली असती तर मी घास घेतला नसता. सगळे बघत होते म्हणून लाजून रडले, असं लिहिलं. पण लाज तर रडल्यानंतर आली. शेवटी लिहिलं, काही कळत नाही, आणि तेही खोडलं, कारण सर म्हणाले असते हे काय उत्तर झालं. वर्गातल्या एका हुशार मुलीनं परस्पर निकाल लावून टाकला होता की हिला लहानपणी आईनं भरवलं नसणार. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझी आई दिवसभर फुलात असायची, तिच्या बोटांना दोरा असायचा, तिनं मला फारसं भरवलं नाही हे खरं. पण म्हणून मी रडले हे खरं नव्हतं. एखाद्या गोष्टीचं कारण सापडत नसलं की लोक आईला धरतात. आता माझ्या मुलीच्या बाबतीत लोक मला धरतात, तेव्हा तर मला हे फारच पटतं.

वैशालीनं ते शूटिंग वर्गाच्या ग्रुपवर टाकलं होतं. तिच्या मनात वाईट काही नव्हतं, तिला वाटलं सगळ्यांना पान लिहायला उपयोग होईल. तिथून ते कसं फिरलं देव जाणे, पण रविवारी सकाळी माझ्या आतेभावानं अकोल्यात ते बाबांना दाखवलं. दुकानावर, गिऱ्हाइकांसमोर. बाबांचा फोन आला तेव्हा मी कपडे धूत होते.

"काय झालं तुले?"

"काही नाही बाबा."

"काही नाई तं मंग असं काहून रडली? कोनी काही केलं?"

"कुणीच काही केलं नाही. मला माहीत नाही का रडले."

मग ते म्हणाले, "दहा लोकाइनं पाह्यलं. आपली पोरगी परक्या बाईच्या हातचं खाऊन राह्यली अन् तोंड वासून रडून राह्यली. माह्या दुकानावर आजवर कोनी रडलं नाई, न् तू..." मग सरळ निकाल दिला, "तुही माय उद्या येते. सामान बांधून ठेव. बस झालं शिक्षण. असलं शिकाचं असन तं घरी शिक." आणि फोन बंद. माझ्या बाबांचा शब्द म्हणजे दोऱ्याची गाठ, पुन्हा सुटत नसे. मी वळकटी बांधायला घेतली. रंगांचे डबे, ब्रश, कागदांची गुंडाळी, सगळं एका पोत्यात भरलं. त्या वेळी मात्र रडू आलं नाही. शिक्षण सुटतंय, आयुष्य चाललंय हातातून, आणि डोळे ठणठणीत कोरडे. माझंच मला समजेना. वाटलं, माझ्या आत काहीतरी उलटसुलट बसवलेलं आहे.

सोमवारी दुपारी आई आली. श्रावणातला सोमवार, फुलवाल्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते तो दिवस, आणि आई दुकान सोडून, मूर्तिजापूर, बडनेरा करत एसटीनं आली होती. हातात रिकामी थैली, कपाळावर सकाळच्या पूजेचं भस्म, ओठ सुकलेले. सोमवार म्हणजे तिचा कडक उपास, संध्याकाळी दिवे लागल्यावरच सुटायचा, तोवर फक्त पाणी. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, कपाळाला हात लावून ताप आहे का बघितलं, आणि विचारलं, "कुठं हाये ते बाई?"

"कशाला आई? सामान तयार आहे. चारची गाडी मिळेल."

"गाड्या लय हायेत. मले तिचं तोंड पाह्यचं हाये. माह्या पोरीले रडवलं तिनं, मी तशीच जाऊ?"

मी नाही म्हणून काय उपयोग होता. ती पुढे, मी मागे. हॉलच्या दाराशी तिनं चपला काढल्या. आतमध्ये वीस-पंचवीस जण भिंतीकडेनं उभे होते, शेवटचा दिवस होता. चटई रिकामी झाली तशी आई सरळ जाऊन बसली. भिंतीवरचा कागद तिनं पाहिलाही नाही. पदर नीट केला आणि मोठ्यानं विचारलं, "बाई, माह्या पोरीले काय केलं तुमी?"

रेवाताईंनी भात कालवला. घास केला. आईच्या तोंडापुढे धरला.

आई दचकली. "नाई नाई, माहा सोमवार हाये."

हात तसाच. मला वाटलं आता जमीन दुभंगावी. मी पुढे वाकून कुजबुजले, "आई, ऊठ. उठलं तरी चालतं. नियमच आहे."

आईनं माझ्याकडे अशी नजर टाकली, की जणू मी अजून तिची आठ वर्षांची पोर आहे. "भरल्या घासावरून उठू? अन्नाले पाठ दाखवू? मानसानं हात पुढे केला न् मी चालती होऊ? हेच शिकली का तू इथं?"

"मग घास घे."

"सोमवार मोडू?"

झालं. ती खाऊ शकत नव्हती आणि उठू शकत नव्हती. आणि समोरची बाई हात खाली घेऊ शकत नव्हती. गावंडे सर हसायचेही विसरले. तीन दिवसांत असं कुणी बसलं नव्हतं. लोक दोन मिनिटांत घास घ्यायचे किंवा ओशाळून उठायचे. पाच मिनिटं झाली, दहा झाली. रेवाताईंचा हात आधी बोटांशी, मग मनगटाशी, मग पार कोपरापर्यंत थरथरायला लागला. भाताची दोन-चार शितं आईच्या मांडीवर पडली. आईनं ती वेचून पदराच्या टोकाला ठेवली. मग ती जरा पुढे सरकली, तिनं आपला उजवा हात रेवाताईंच्या कोपराखाली घातला आणि तो हात उचलून धरला. "नेम हाये न तुमचा?" ती म्हणाली. "माहाबी नेम हाये. दिवे लागू द्या. तोवर मी धरते."

त्या हॉलमध्ये तेव्हा चार वाजत आले होते.

मी भिंतीला टेकून खाली बसले. बाहेर पाऊस लागला, थांबला, परत लागला. कुणीतरी घरी गेलं, कुणीतरी नव्यानं आलं, दारात गर्दी वाढत गेली. आईनं हात बदलला, डावा घातला, परत उजवा घातला. रात्रंदिवस ओवणारे हात तिचे, पण ओवणं वेगळं आणि दुसऱ्याचा हात तोलून धरणं वेगळं. तिच्या मानेवरची शीर मला दिसत होती. आणि माझी आई, जी घरी तासन् तास एक शब्द बोलत नसे, ती त्या न बोलणाऱ्या बाईशी बोलायला लागली. हळू आवाजात, विहिरीवर बायका बोलतात तसं. मळ्यात शेवंती यंदा कशी कमी आली, बाबांचा गुडघा कसा दुखतो, अमरावतीची एसटी कशी हलते. मग माझ्यावर आली. मी ऐकतेय हे तिला माहीत होतं की नव्हतं, कोण जाणे.

"हे लहानपनी ढोल वाजले की पोत्यात घुसे. लोकं म्हनत, पोट्टी कच्ची हाये. मी मनात म्हनो, नाई. आपल्याले जेवढं ऐकू येते न बाई, तिले त्याच्याहून जास्त येते. आपल्याले जेवढं दिसते, तिले त्याच्याहून जास्त दिसते. आता ते ठेवन कुठं? म्हनून सांडते." मग हात बदलत म्हणाली, "पन तुमी तिले काही केलं नसन. तुमचं तोंड पाह्यलं, समजलं मले. तुमी तं निसता घास धरला."

एवढं ऐकून मी रडायला हवं होतं की नाही? कुणीही रडलं असतं. आपल्या आईनं आपल्याबद्दल असं काही मनात धरून ठेवलंय, आणि ते आपल्याला नव्हे, परक्या बाईला सांगतेय. पण मला रडू आलं नाही. मला राग आला. मला म्हणावंसं वाटलं, अगं, मग पोत्यात बसले होते तेव्हा का नाही बोललीस? आणि त्याच वेळी तिच्या हाताखाली माझा हात घालावा असंही वाटलं, पण मला उठता आलं नाही. मी तिथे प्रेक्षक होते, की तिची मुलगी होते, की त्या सगळ्या प्रकाराचाच एक भाग होते, हे मला ठरवता येईना. समोर चाललंय ते सादरीकरण आहे की उपास आहे? रेवाताई खऱ्या, की आई खरी, की दोघी खऱ्या, की दोघी नाटक करतायत आणि मीच एकटी बावळट? आता वर्गात मुलांना चित्र शिकवताना मी सांगते की आधी पाहा, मग काढा. पण त्या दिवशी मी पावणेतीन तास नुसती पाहत होते, आणि जितकं पाहिलं तितकं कमी कळत गेलं. त्या एका पानाच्या निबंधात शेवटी मी काय लिहिलं ते आठवत नाही. बहुतेक हॉलची लांबी-रुंदी लिहिली असेल.

हॉल अंधारून आला तसं शिपायानं बटण दाबलं. दोन ट्यूबलाइट फडफडल्या आणि लागल्या. आईनं एक हात तसाच कोपराखाली ठेवला, दुसरा हात छातीशी नेऊन ट्यूबलाइटला नमस्कार केला, ओठांतल्या ओठांत महादेवाचं नाव घेतलं. मग तोंड उघडलं. भात पार सुकला होता. तिनं तो खूप वेळ चावला आणि गिळला.

रेवाताईंचा हात त्यांच्या मांडीत पडला. आणि भिंतीकडेचे सगळे टाळ्या वाजवायला लागले. कुणी डोळे पुसत होतं, गावंडे सरांच्या चष्म्यावर धुकं आलं होतं. आई घाबरून इकडेतिकडे बघायला लागली. "टाळ्या काहून वाजवून राह्यले हे लोक? आरती हाये का?" मग रेवाताईंकडे वळून म्हणाली, "आता तुमी जेवा, बाई. सकायपासून उपाशी हा." रेवाताईंनी तीन दिवसांत पहिल्यांदा तोंड उघडलं. आवाज घोगरा झाला होता. म्हणाल्या, "तुमचा हात दुखला असेल." आई म्हणाली, "होते बरा." बस, एवढंच. मला वाटत होतं त्या काहीतरी मोठं बोलतील, ज्यानं मला सगळं उलगडेल. दोघी उठल्या, पाय अवघडले म्हणून एकमेकींना धरून उठल्या, आणि आई चपला शोधायला गेली.

सामान अजून हॉस्टेलच्या दाराशी बांधलेलं होतं. मी पोतं उचललं, वळकटी काखेत घेतली. रिक्षानं आम्ही बसस्टँडवर आलो. अकोल्याची गाडी फलाटाला लागत होती, तेवढ्यात आईच्या थैलीत फोन वाजला. तिनं हात घातला, पण उजव्या हाताची बोटं मिटेनात, फोन दोनदा निसटला. "तू धर," ती म्हणाली. मी फोन तिच्या कानाशी धरला. बाबांचा आवाज जुन्या फोनमधून मलाही स्पष्ट ऐकू येत होता.

"निंघाल्या का? पोरगी हाये न संग?"

आईनं माझ्याकडे बघितलं. माझ्या काखेतल्या वळकटीकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर एक रेघ हलली नाही. "कुठं जी. तिचे डोये आले हायेत."

"काय?"

"डोये आले न. लालभडक. हॉस्टेलात साथ हाये साऱ्या पोरीइले. त्याच्यानंच तं पानी येत होतं. लोकाइले वाटलं रडून राह्यली."

मी आ वासून बघत राहिले. माझे डोळे आईसमोर होते, स्वच्छ, पांढरेशुभ्र. माझी आई खोटं बोलत होती, श्रावणातल्या सोमवारी, तोंडात अजून त्या घासाची चव असताना. आणि काय सफाईनं!

"पन ते तोंड वासून..."

"डोये चुरचुर करतीन तं काय हासन का मानूस? इले आता घरी आनलं तं मले होईन, तुमाले होईन. मंग दुकानावर कोन बसन? चालू श्रावनात?"

पलीकडे बाबा कुणा गिऱ्हाइकाला हाराचा भाव सांगताना ऐकू आले. मग बाबा म्हणाले, "मंग राहू दे तिले तिकडंच. पोयाले आली तं आली." आणि फोन बंद झाला.

माझ्या काखेतली वळकटी खाली पडली. मला हसू यायला लागलं, मग ते हसू की दुसरं काही ते कळेना, मी फलाटावर उकिडवी बसले आणि तोंड पदरात, म्हणजे आईच्या पदरात खुपसलं. आई माझ्या डोक्यावर डाव्या हातानं थापटत राहिली. "पाह्य, खोटं बोलली मी. न् परक्या हातानं सोमवार सोडला. महादेव पाहून घेईन." मग गाडीत चढताना, पायरीवर उभी राहून म्हणाली, "तुले काहून रडू आलं ते मले नाई समजलं. तुले समजलं तं सांगजो. नाई समजलं तरी फोन करजो."

पोळ्याला घरी गेले. गल्लीत शिरल्यापासून जो भेटेल तो विचारत होता, डोळे बरे झाले का पोरी. आतेभाऊ तर दोन हात लांब उभा राहून बोलला. मी सगळ्यांना हो म्हणत गेले. बाबा दुकानावर होते, त्यांनी मान वर करून फक्त पाहिलं आणि हार ओवत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अजून अंथरुणातच होते, तर ते माझ्या उशाशी येऊन बसले. हातात एक छोटी बाटली. गुलाबाच्या पाकळ्यांचं पाणी, त्यांनी स्वतः पातेल्यात वाफ धरून काढलेलं. "मान मांगं टाक," म्हणाले. मी म्हणाले, "बाबा, आता बरे आहेत डोळे." "एकदा आलेले डोये लवकर साफ होत नाईत. टाक मान."

मी मान मागे टाकली. त्यांनी अंगठ्यानं माझी पापणी उघडली आणि थेंब सोडला. गार, झोंबणारा. दुसऱ्या डोळ्यात सोडला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आधी गुलाबाचं, मग माझं. खूप आलं. मी उठायला गेले तर त्यांनी कपाळावर तळवा ठेवून मला तसंच धरलं. "वाहू दे," ते म्हणाले. "निंघू दे सगळं. पुसू नोको." माझ्यावर वाकलेलं त्यांचं तोंड उलटं दिसत होतं, आणि ते नेहमीसारखंच होतं, काहीही बदललेलं नव्हतं. पण त्यांचा तळवा उचलला गेला नाही.

त्यांना खरं माहीत होतं का? आईनं सांगितलं होतं का? मी कधी विचारलं नाही आणि आता विचारायला बाबा नाहीत. घरी चार रात्री राहिले. माझ्या डोळ्यांना काहीच झालेलं नव्हतं. पण चारही दिवस सकाळी बाबा बाटली घेऊन आले, आणि चारही दिवस मी मान मागे टाकून पोटभर रडून घेतलं.